श्वासाचा हिशेब

परप्रांतात बदली होऊन आलेला माणूस प्रथम पाण्याची चौकशी करतो. नळ किती वाजता येतो, पाणी पचते की बाधते, त्यात डाळ शिजते की नाही, हे प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने नव्या गावी बिऱ्हाड मांडताना शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारलेले असतील. हवेची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. हवा सर्वत्र फुकट मिळते, आणि फुकट मिळणाऱ्या वस्तूची प्रत पाहण्याची आपल्याला सवय नसते. मला ती सवय माझ्या मोटारसायकलीने लावली, आणि तीही वाळवंटाच्या उंबरठ्यावर, जोधपुरात आल्यावर.

ज्यांनी जोधपूर उन्हाळ्यात पाहिले आहे त्यांना तेथील धुळीची महती मी सांगावयास नको. वैशाख-ज्येष्ठात एखाद्या दुपारी पश्चिमेकडून आंधी उठते. आकाश आधी पिवळे आणि मग तपकिरी होते, आणि खिडक्या घट्ट लावून घेतल्या तरी तासाभरात टेबलावरच्या फायलींवर बोटाने सही करता येईल इतका थर बसतो. आमच्या सौभाग्यवती पहिल्या वर्षी दिवसातून तीनदा केर काढीत. आता त्यांनी धुळीशी सन्मान्य तह केला आहे. गावाभोवती वाळूच्या दगडाच्या खाणी आहेत. मेहरानगडापासून उमेद भवनापर्यंत या गावाचे सारे वैभव त्याच दगडाचे. खाणीत आणि दगड कापण्याच्या कारखान्यांत उडणारी भुकटी वाळवंटाच्या वाळूत मिसळते. अशा हवेतून मी रोज कचेरीला जातो, आणि जमेल त्या रविवारी पासष्ट किलोमीटरवरच्या ओसियाँच्या देवळांपर्यंत माझी साडेतीनशे सी.सी.ची मोटारसायकल हाकतो.

मोटारसायकल पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. खरे पाहता ती हवेवर चालते. पेट्रोल केवळ तोंडी लावण्यापुरते. एक किलो पेट्रोल नीट जळावयाचे तर सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलात स्वतःचाच थोडा प्राणवायू असल्यामुळे आजच्या मिश्रणाला याहून किंचित कमी हवा पुरते, पण हिशेबात मोठा फरक पडत नाही. लिटरच्या भाषेत बोलावयाचे तर एका लिटर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा खर्ची पडते. ओसियाँला जाऊन येण्यास मला चार लिटर पेट्रोल लागते. म्हणजे त्या एका सहलीत माझे इंजिन छत्तीस घनमीटर हवा ओढून घेते. साडेतीन मीटर लांब, तितकीच रुंद आणि तीन मीटर उंच अशी आमच्या सरकारी क्वार्टरची एक खोली तेवढ्या हवेने काठोकाठ भरेल. चार ठोक्यांचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेते. तेव्हा मिनिटाला चार हजार फेरे होत असतील तर मिनिटाला दोन हजार श्वास झाले. स्वस्थ बसलेला माणूस बारा-पंधरा श्वासांवर आणि सहा-आठ लिटर हवेवर एक मिनिट काढतो.

या साऱ्या हवेच्या वाटेवर एकच पहारेकरी असतो, तो म्हणजे एअर फिल्टर. सीटखाली किंवा बाजूच्या झाकणाआड, एका काळ्या पेटीत, घड्या घातलेल्या कागदाची ती एक साधी चौकट असते. तिच्याकडे वर्षानुवर्षे कोणाचे लक्ष जात नाही. माझे गेले ते गाडीचा फिल्टर बदलण्याची वेळ आली तेव्हा.

आमच्या विभागात रुजू झालेला एक पदवीधर तरुण मोटारसायकलींचा मोठा शौकीन आहे. मी फिल्टर बदलणार असे कळताच त्याने जेवणाच्या सुट्टीत मला गाठले.

“साहेब, कंपनीचा फिल्टर पुन्हा कशाला बसवता? तो इंजिनाचा गळा दाबतो. बाहेरचा कापडी घ्या. एकदा घेतला की जन्मभर धुऊन वापरा. पिकअप कसा बदलतो ते पाहा.”

त्याने स्वतः पेटीच काढून टाकली होती आणि इंजिनाच्या तोंडावर शंकूच्या आकाराचा एक उघडा लाल फिल्टर बसविला होता. गाडी सुरू करून त्याने मूठ पिळली. पूर्वी जी घरंदाज घरघर ऐकू येई तिच्या जागी खोल, ओढून घेतल्यासारखा घोष ऐकू आला. खरे सांगावयाचे तर तो आवाज मलाही आवडला.

तिशी उलटलेल्या कारकुनाला असा आवाज का आवडावा, हे या मासिकाच्या वाचकांना फोड करून सांगण्याची जरुरी नाही. ज्येष्ठतेच्या यादीत आपले नाव ज्या क्रमांकावर आहे त्याच्या वरची माणसे निवृत्त होईपर्यंत ते तेथेच राहावयाचे असते. खात्याची परीक्षा दिली तरी जागा रिकामी व्हावी लागते. जीवनाच्या बहुतेक दिशांनी वेगाची मर्यादा ठरून गेलेली असताना उजव्या हाताच्या मुठीत थोडीशी जास्त शक्ती दोन-चार हजार रुपयांत मिळत असेल, तर तिचा मोह पडणे स्वाभाविक आहे. कंपनीचा कागद काही शेकड्यांत मिळतो आणि नामांकित कापडी फिल्टर काही हजारांत. ‘नाकापेक्षा मोती जड’ ही म्हण इतकी शब्दशः लागू पडलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. तथापि मोती खराच पाणीदार असेल तर नाकाने थोडे ओझे सोसावे, असाही एक पक्ष असतो. म्हणून मी हिशेब मांडावयास बसलो. हिशेब हा माझा व्यवसायच आहे.

पहिला प्रश्न शक्तीचा. माझ्या गाडीच्या इंजिनाची शक्ती सुमारे वीस अश्वशक्ती आहे. स्वच्छ फिल्टर पार करताना हवेचा दाब किती घटतो? वातावरणाचा दाब शंभर धरला तर साधारणपणे त्यातील एक-दोन भाग, आणि तेही मूठ पूर्ण पिळलेली असताना. म्हणजे फिल्टर मुळी काढूनच टाकला तरी वाढून वाढून एक-दोन टक्के शक्ती वाढावयाची. जगातला कोणताही फिल्टर ‘फिल्टरच नाही’ यापेक्षा मोकळा असू शकत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? वीस अश्वशक्तीचे दोन टक्के म्हणजे एका घोड्याचा अर्ध्याहून लहान तुकडा. गाडी १९५ किलोची, मी पंचाहत्तर किलोचा. या २७० किलोंतून पाच-साडेपाच किलो कमी केले तर गाडीच्या उठावात जवळजवळ तितकाच फरक पडतो. हा आकडा मी घरी मोठ्याने वाचून दाखविला.

“अहो, मग फिल्टर कशाला बदलता? रात्रीचा भात बंद करा,” असे उत्तर तत्काळ मिळाले, आणि हिशेबाच्या दृष्टीने त्यात मला एकही चूक काढता आली नाही.

शिवाय आपण रस्त्यावर मूठ पूर्ण पिळतो तरी कितीदा? एरवीच्या चालीत इंजिनाचा गळा फिल्टर दाबीत नाही. तो दाबते थ्रॉटलची झडप, आणि ती दाबतो आपलाच हात. वेग कमी ठेवणे याचाच अर्थ इंजिनाला हवा कमी देणे. दारच अर्धे लोटलेले असताना फाटकाची रुंदी वाढवून आत येणाऱ्यांची संख्या वाढत नाही. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली मोटारगाड्यांवर असा प्रयोग केला होता. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत फिल्टर मुद्दाम तुंबवून पाहिला, तेव्हा गाडीचा उठाव मंदावला. पण इंधनाच्या खर्चात लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मात्र काही टक्के फरक दिसला. तेव्हा कापडी फिल्टर घातला म्हणून ॲव्हरेज वाढते हा दावा ऐकताना आपल्या हाती इंजेक्शनची गाडी आहे की कार्ब्युरेटरची, हे आधी पाहावे. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. इंजेक्शनच्या गाडीत संगणक धुरातील प्राणवायू मोजून इंधनाचे प्रमाण काही मर्यादेत स्वतःच सावरून घेतो. कार्ब्युरेटरच्या गाडीला ही सोय नाही. तिला एकाएकी मोकळी हवा दिली की मिश्रण पातळ होते, इंजिन तापते, मूठ सोडताना फटफट आवाज येतो. आणि मग मोठ्या छिद्राचा जेट बसवावा लागतो. एक सुधारणा दुसरीला जन्म देते, आणि दुसरीचे बिल निराळे येते.

उरला तो आवाज. त्याचे रहस्य त्या काळ्या पेटीत आहे. ती पेटी म्हणजे केवळ फिल्टर ठेवण्याचा डबा नव्हे. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असता जो एक ठराविक स्वर निघतो, त्या पोकळीच्या अनुनादाचा अभ्यास एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने केला होता. इंजिनाची पेटी याच तत्त्वावर चालते. तिचे आकारमान आणि नळीची लांबी अशी बेतलेली असते की, रोजच्या वापरातील फेऱ्यांवर हवेच्या लाटा इंजिनाला साथ देतात आणि श्वासाचा घरघराटही कोंडला जातो. पेटी काढून शंकू बसविला की आवाज मोकळा होतो, पण मधल्या वेगातील ती साथ बहुधा तुटते. शिवाय शंकू इंजिनाशेजारची तापलेली, म्हणून विरळ, हवा ओढतो. कानाला मात्र दुप्पट जोर आल्याचा भास होतो. मोठ्याने बोलणारा अधिकारी अधिक काम करतो अशी समजूत कचेरीतही आढळते.

येथवर हिशेब आला तेव्हा शक्तीचा मोह बराचसा ओसरला होता. परंतु फिल्टर निवडावयाचा तो किती हवा आत सोडतो यावरून, असे आपण गृहीत धरून चाललो होतो. काही दिवसांनी लक्षात आले की प्रश्न मुळातच दुसऱ्या टोकाने विचारावयास हवा. फिल्टर हवेसाठी बसविलेलाच नाही. हवा त्याच्यावाचून अधिक सुखाने आत गेली असती. तो बसविला आहे धुळीसाठी.

धूळ या शब्दाने फसू नये. येथील धुळीत गारगोटीच्या जातीचे, सिलिकाचे, कण भरपूर असतात, आणि गारगोटी इंजिनाच्या लोखंडापेक्षा कठीण असते. पिस्टनची कडी आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ थर असतो त्याची जाडी काही मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोळ्यांना दिसणारा मोठा कण सहज अडतो. खरा घात करतो तो या थराच्या जाडीशी मिळताजुळता, डोळ्यांना न दिसणारा कण. तो तेलात शिरतो आणि पॉलिश कागदासारखा धातू घासत राहतो. एका दिवसात काही होत नाही. वर्षे जातात, मग कॉम्प्रेशन घटते, तेल जळू लागते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, आणि गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. म्हणजे ज्या शक्तीसाठी श्वास मोकळा केला तीच शक्ती त्या श्वासावाटे हळूहळू झिजून जाते.

यासाठी फिल्टरची परीक्षा घेण्याची एक सर्वमान्य पद्धत आहे. आयएसओ ५०११ हे तिचे नाव. ठरावीक आकाराच्या कणांची धूळ फिल्टरवर सोडून किती अडली आणि किती पार गेली हे तोलून पाहतात. त्या धुळीलाही ऍरिझोनाच्या वाळवंटाचे नाव आहे, म्हणजे आमच्या मारवाडची ती दूरची बहीणच. समजा, एका फिल्टरने शंभरातील नव्व्याण्णव भाग अडविले आणि दुसऱ्याने सत्त्याण्णव. जाहिरातीत हे आकडे शेजारी शेजारी छापले तर फरक दोनच टक्क्यांचा दिसतो, आणि दोन टक्क्यांसाठी कोण भांडत बसणार? परंतु हिशेबनीस जमेकडे पाहून थांबत नाही, बाकी पाहतो. पहिल्याने एक भाग आत सोडला, दुसऱ्याने तीन. इंजिनाला अडलेल्या धुळीशी कर्तव्य नसते. त्याला आत आलेलीच भोगावी लागते. या हिशेबाने दुसरा फिल्टर दोन टक्क्यांनी उणा नसून तिप्पट वाईट आहे. दहा हजार किलोमीटरला माझी गाडी सुमारे तीनशे लिटर पेट्रोल पिते, म्हणजे सत्तावीसशे घनमीटर हवा घेते. दर घनमीटरात एक मिलिग्रॅम धूळ धरली तर फिल्टरच्या दारी २.७ ग्रॅम येते. पहिल्या फिल्टरमधून त्यातील सत्तावीस मिलिग्रॅम आत जाईल, दुसऱ्यातून एक्याऐंशी. कच्च्या रस्त्यावर एखाद्या ट्रकामागे अडकलात तर हे आकडे कितीतरी पटींनी वाढतील.

शक्ती आणि संरक्षण यांतील हा झगडा मोटारसायकलींनी सुरू केलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात उतरलेल्या स्पिटफायर विमानांच्या नाकाखाली व्होक्स नावाचा एक मोठा फिल्टर बसविलेला असे. त्याने इंजिन वाचे, पण विमानाचा वेग घटे, आणि शत्रू पाठीवर असताना वेग घटणे म्हणजे काय हे सांगावयास नको. तरीही कोणी फिल्टर काढून फेकला नाही. इजिप्तमधील अबुकीर येथील दुरुस्ती-तळावर त्याहून लहान आणि सुटसुटीत फिल्टर तयार झाला आणि विमानांना बसविला गेला. प्राणांतिक घाईतही वैमानिकांना वाळूचे भय उरले होते, ही गोष्ट मला विचार करण्यासारखी वाटते.

बाजारातील फिल्टरांच्या तीन जाती आहेत आणि तिन्हींना आपापले गुण आहेत. कागदी फिल्टर बारीक धूळ उत्तम अडवितो, पण तो धुता येत नाही, आणि भिजला तर निकामी होतो. तेल लावलेला कापडी फिल्टर १९६९ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या के अँड एन कंपनीमुळे जगभर प्रसिद्ध झाला. कापसाच्या जाळीवरील चिकट तेल धूळ धरून ठेवते, हवा मोकळी जाते, आणि धुऊन तो पुन्हा वापरता येतो. मात्र धुण्याचे एक शास्त्र आहे. खास साबण, आतून बाहेर सोडलेले मंद पाणी, सावलीत वाळविणे, आणि मग मोजके तेल. तेल कमी पडले तर धूळ पार होते, जास्त झाले तर आत ओढले जाते. तिसरा फोमचा. चिखलाधोंड्यांतून शर्यती करणाऱ्या गाड्यांना तो मानवतो, कारण त्यात पुष्कळ धूळ मावते. पण उष्ण-दमट हवेत वर्षानुवर्षे ठेवला तर त्याचा भुगा होतो, आणि तो भुगा इंजिनातच जातो.

म्हणून फिल्टरची निवड गाव पाहून करावी असे मला वाटते. शिलाँगच्या किंवा कोचीच्या धुतलेल्या हवेत एखादा बंधू चांगल्या प्रतीचा कापडी फिल्टर मूळच्याच पेटीत बसवून वापरीत असेल आणि वेळच्या वेळी धूत असेल, तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. उघड्या शंकूवर पाऊस पडतो, पेटीतल्या फिल्टरवर नाही. जो शर्यतीसाठी इंजिन नव्याने बांधतो आणि थोड्या थोड्या दिवसांनी उघडतो, त्याला ते एक-दोन टक्केही मोलाचे असतील. परंतु ज्याला एकच गाडी दहा-पंधरा वर्षे चालवावयाची आहे आणि ज्याची बदली बिकानेर, जोधपूर किंवा भूज येथे झाली आहे, त्याने दुकानदाराला एवढेच विचारावे, “हा काय अडवितो?” अंगठ्याइतकेच महत्त्व कडेच्या रबराला द्यावे. फिल्टर कितीही उत्तम असला आणि त्याची कड पेटीत नीट बसली नाही, तर हवा त्या फटीतूनच जाते. गाळणीला भोक असेल तर चहाची पत्ती चांगल्या जातीची असून उपयोग काय? नकली मालाच्या डब्यांवर छपाई चोख असते. त्याची परीक्षा घड्यांची दाटी आणि रबराचा मऊपणा पाहूनच होते.

आणखी एक गोष्ट कळली ती मला, एक कारकून म्हणून, विशेष भावली. कोरा करकरीत फिल्टर सर्वांत चांगला गाळतो ही समजूत बरोबर नाही. कागदावर धुळीचा पहिला थर बसला की तो थरच गाळावयास लागतो, आणि फिल्टर नव्यापेक्षा अधिक बारीक कण अडवितो. अर्थात फार साचला की श्वास कोंडतो. पण उगाच दर आठवड्याला काढून झटकणारा माणूस फिल्टरचे नुकसानच करतो, आणि काढताना चार कण आत पाडतो ते निराळेच. आमच्या आवक शाखेत एक वृद्ध सहकारी होते. हाताखालून गेलेल्या हजारो कागदांचा थर त्यांच्या स्मरणात बसला होता, आणि सदोष प्रस्ताव केवळ हाताला लागताच त्यांना कळे. बाहेरचे लोक म्हणत, हे कामाचा गळा दाबतात. ते निवृत्त झाले, फायली भराभर पुढे जाऊ लागल्या, आणि लेखापरीक्षणाचे आक्षेपही तितक्याच भराभर परत येऊ लागले.

इतका विचार झाल्यावर मी गाडी घेऊन उस्तादाकडे गेलो. पावटा नावाच्या चौकाजवळ त्याचे दुकान आहे. मराठी माणसाला या नावाने उगीचच भूक लागते, पण तेथे ग्रीस आणि टायर यांखेरीज काही मिळत नाही. त्याच्याकडे फळीवर कागदी फिल्टर होते, कापडीही होते. उघडे शंकू मात्र नव्हते.

“ठेवीत नाही,” तो म्हणाला. “दिवसाला दोन पोरे विचारावयास येतात. दुसरीकडे जा म्हणतो.”

धंद्यातल्या माणसाने गिऱ्हाईक परत पाठवावे याचे मला नवल वाटले. त्याने एका जुन्या इंजिनाचे सिलिंडर पुढे ओढले आणि आतल्या भिंतीवरून बोट फिरविले. वरच्या बाजूला जेथे पिस्टनची कडी थांबते तेथे बोटाला स्पष्ट धार लागत होती. मग माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, “माझे वडील खाणीत ड्रिल चालवीत. तोंडावर साफ्याचे टोक बांधीत, बस्स. पन्नाशी पाहिली नाही त्यांनी. कितीतरी दिवस क्षय म्हणूनच औषध चालले होते.”

तो रोग क्षय नव्हता. कोरड्या दगडाला भोक पाडताना जी बारीक भुकटी उडते ती फुप्फुसांच्या तळाशी जाऊन बसते आणि तेथील मांस दगडासारखे घट्ट होत जाते. त्याला सिलिकोसिस म्हणतात, आणि गेलेला श्वास परत आणणारे औषध त्याच्यावर नाही. इंजिनाची भिंत घासणारी गारगोटी तीच. नाकातोंडावरचे कापड मोठे कण अडविते, आणि माणसाला मारणारे कण त्या कापडातून सुखाने पार होतात. ड्रिलवर पाण्याची धार सोडली तर भुकटी पुष्कळशी तेथेच बसते, हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. राजस्थान सरकारने २०१९ साली या रोगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. प्रमाणपत्र मिळालेल्या मजुराला पैशाचे साहाय्य मिळते. उस्तादाच्या वडिलांना त्यापूर्वीच जावे लागले होते.

मी वीस अश्वशक्तीच्या यंत्रासाठी आठ दिवस टक्केवारी मांडीत होतो, नव्व्याण्णव आणि सत्त्याण्णव यांतील भेदावर स्वतःवरच खूश होतो. हा हिशेब चुकीचा होता असे नाही. तो जेथे प्रथम मांडावयास हवा होता तेथे कोणी मांडला नव्हता. साडेतीनशे सी.सी.च्या लोखंडाला कोणता श्वास मानवतो याचे पुस्तक कंपनी गाडीबरोबर देते. ड्रिल हाती देताना माणसाला तसे काही मिळालेले नव्हते.

मी कंपनीचा कागदी फिल्टर घेतला. पुस्तिकेत बदलण्याची जी मुदत आहे तिच्या निम्म्यावर तो पाहावयाचा, आणि आंधीच्या दिवसांत आणखी आधी, असे उस्तादाने ठरवून दिले. पेटीचा तळ ओल्या फडक्याने पुसून, कडेला बोटभर ग्रीस लावून त्याने नवा कागद बसविला आणि झाकणाचे स्क्रू एकाआड एक आवळले. गाडी सुरू केली तेव्हा आवाज पूर्वीचाच होता, घरंदाज. शक्ती वाढल्याचे कोणतेही चिन्ह नव्हते, आणि मला त्याचे दुःख वाटले नाही.

जुना फिल्टर त्याचा हाताखालचा तरुण बाहेरच्या पायरीवर आपटून पाहणार होता. त्याच्या घड्यांत भरलेली धूळ उन्हात फिकट बदामी दिसत होती, समोरच्या घरांच्या दगडासारखी. उस्ताद आतूनच ओरडला, “आपटू नकोस! पिशवीत बांध आणि टाक. आणि आधी तोंडाला मास्क लाव.”

मुलाने साफा नाकावर ओढून घेतला. उस्ताद हातातले काम टाकून उठला, फळीवरच्या डब्यातून कारखान्यात वापरतात तसला एक जाड मास्क काढला, आणि स्वतःच्या हाताने मुलाच्या तोंडावर बसवून त्याची कड नाकाच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी नीट दाबून पाहिली.